शून्य रुपयांचे तिकीट

अमरावतीच्या बसस्थानकावरून अकोल्याच्या गाडीत मी प्रथमच एकटी बसले, तेव्हा मला 75 वर्षे पूर्ण होऊन चार महिने झाले होते. वाहकाने विचारले, “कुठी जाता आजी?” मी म्हटले, “अकोल्याले,” आणि सवयीने बटव्याकडे हात नेला. आधार कार्ड पाहून त्याने तिकीट काढून दिले. “ठेवा पैसे, तुमाले नाही लागत.” तिकिटावर रकमेच्या जागी शून्य होते.

राज्य परिवहन महामंडळाची अमृत ज्येष्ठ नागरिक योजना ऑगस्ट 2022 पासून सुरू आहे. वयाची 75 वर्षे पूर्ण केलेल्यांना राज्याच्या हद्दीत एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. 65 ते 75 या वयोगटासाठी निम्मे भाडे आहे. शहरी बससेवेला मात्र ही सवलत लागू नाही. हे सारे मी वर्तमानपत्रात वाचले होते. तरीही पहिले पाऊल टाकायला मला बराच काळ लागला; कारण अडचण पैशांची नव्हतीच. आमच्या पिढीतील स्त्री घराबाहेर पडे ती कारणाने: माहेरी, लग्नाला, बाळंतपणाला, इस्पितळात. ‘कशाला जाता?’ या प्रश्नाला उत्तर नसेल, तर जाणेच नसे. यजमान गेल्यानंतर तर तो प्रश्न विचारायलाही कुणी उरले नव्हते. मीच तो स्वतःला विचारून घरी बसत असे.

शेवटी कारण मिळाले ते अक्काचे. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारी माझी थोरली बहीण आता 83 वर्षांची आहे. तिची स्मृती दिवसेंदिवस विरत चालली आहे. भाचेसून फोनवर म्हणाली, “मावशी, त्या तुमचं नाव घेतात, पण समोर मलाच ‘तू कोण’ म्हणतात.” त्या रात्री मी ठरवले, दर गुरुवारी जायचे.

अमरावती ते अकोला हे अंतर सुमारे 100 किलोमीटर. जून 2022 मध्ये याच मार्गावर 75 किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. विक्रमाचे मला काय, पण माझ्या कंबरेने त्या रस्त्याला मनापासून आशीर्वाद दिले आहेत. वाटेत मूर्तिजापूर लागते. आमचे माहेर अचलपूरचे. लहानपणी अक्का आणि मी तिथून शकुंतलेत, त्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बसून मूर्तिजापूरला येत असू आणि तिथे अकोल्याची मोठी गाडी धरत असू. आता शकुंतला बंद आहे. पण मी खोलीत शिरताच अक्काने विचारले, “मूर्तिजापूरले गाडी मिळाली का वं?” माझे नाव तिला आठवले नाही, वाट आठवली. मी म्हटले, “मिळाली. बसाले जागाही मिळाली.” ती समाधानाने हसली आणि माझ्या हातातले तिकीट तिने आपल्या सुपारीच्या डब्यात ठेवून दिले.

गुरुवार अक्काचा झाला, तसा महिन्यातला एखादा सोमवार माझा झाला. वलगावला गेले. 20 डिसेंबर 1956 रोजी त्याच परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला, हे शाळेत मी किती वर्षे शिकवले होते. ती जागा मात्र पाहिली नव्हती. रिद्धपूरला गेले, तेव्हा गोविंदप्रभूंच्या त्या गावात दोन तास नुसती फिरले. रुक्मिणीचे माहेर मानल्या जाणाऱ्या कौंडण्यपूरला वर्धेचे पात्र पाहत बसले. अक्काला हे सगळे सांगण्यासाठी मी डोळे उघडे ठेवून पाहू लागले. माझे गुडघे दुखायचे थांबले नाहीत. पण रात्रीची झोप परतली, भूक लागू लागली.

मग मे महिना आला. वाटेत स्वच्छतागृह मिळेल न मिळेल, या धास्तीने मी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. किती बायका हेच करतात! अकोल्याला उतरले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. एका महाविद्यालयीन मुलीने सावरले, म्हणून पडले नाही. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. तो बराच खाली आला होता. ते म्हणाले, उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. त्यात वऱ्हाडातले ऊन आणि रक्तदाबासाठी घेत असलेली, लघवी वाढवणारी गोळी. पाणी न पिण्याने तुम्ही त्रास टाळला नाहीत, ओढवून घेतलात.

मुलगा म्हणाला, “आई, आता बस झालं.” त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, म्हणून मी वाद घातला नाही. तीन गुरुवार घरी बसले. चौथ्या गुरुवारी भाचेसुनेचा फोन आला: अक्का सकाळपासून दाराशी बसून आहे, जेवायला उठत नाही. फोन सुनेने घेतला होता. तिने तो ठेवला आणि कागद-पेन घेऊन माझ्याजवळ बसली. “आई, जाणं बंद करायचं नाही. कसं जायचं ते ठरवू.”

तो कागद आजही कपाटावर चिकटवलेला आहे. उन्हाळ्यात सकाळची पहिली गाडी, परतणे उन्हे कलल्यावर. बाटलीतले पाणी घोटघोट, वाटेभर. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.) निघण्यापूर्वी आणि उतरल्यावर स्वच्छतागृहात जाणे; स्थानकावर पुढल्या गाडीची घाई नाही. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांच्या सल्ल्याने, आपल्या मनाने नव्हे. पिशवीत फुटाणे आणि एक केळे. शक्यतो पुढची जागा, कारण मागे हादरे अधिक बसतात. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उठायचे नाही; पायरी उंच असते, दांडी धरून सावकाश उतरायचे. औषधांची यादी आणि घरचा फोन क्रमांक आधार कार्डासोबत. पोहोचल्यावर एक फोन.

वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की ‘जाऊ नका’ म्हणण्यापूर्वी असा एक कागद लिहून पाहा.

अक्का आता मला बहुतेक वेळा ओळखत नाही. दर गुरुवारी ती तिकिटासाठी हात मात्र पुढे करते. डबा भरला, म्हणून भाचेसुनेने दुसरा दिला आहे. काल रात्री मी पिशवी भरत असताना मुलगा दारात उभा राहिला. मला वाटले, विचारेल, “कशाला?” तो म्हणाला, “किती वाजताची गाडी आहे? स्थानकावर सोडतो.”