यतिभंग

अलंकारशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याने प्रेमभंगाविषयी बोलावे, ही कित्येक वाचकांस अनधिकार चेष्टा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या शास्त्राने रतीला स्थायिभावांच्या यादीत पहिला मान दिला, आणि तिच्या विफलतेचे इतके बारीक पोटभेद पाडले की मामलेदार कचेरीतील दफ्तरही त्यापुढे गबाळे भासावे, त्या शास्त्राच्या अभ्यासकाला या प्रकरणी दोन शब्द बोलण्याचा हक्क पोहोचतो, असे माझे नम्र मत आहे.

भरताने शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार मूळ रस मानून उरलेले चार त्यांच्यापासून उपजविले, आणि त्या वाटणीत हास्याचे पितृत्व शृंगाराच्या पदरात घातले. हा भाग विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात. मीही तेवढेच केले होते. त्याच अध्यायात विरहाचा शृंगार आणि करुण यांची सीमारेषा आखताना भरत सांगतो की, विप्रलंभ हा सापेक्ष असतो, म्हणजे पुनर्मीलनाच्या आशेचा एक तंतू त्यात शिल्लक असतो, आणि करुण हा निरपेक्ष, तेथे तो तंतू तुटलेला असतो. विभागणी चोख आहे. पण आशेला आधार उरलेला नाही, आणि आशा धरून बसलेल्या गृहस्थाला मात्र त्याची वर्दी पोहोचलेली नाही, अशा मनुष्याची रवानगी कोणत्या खात्यात करावयाची?

याचे उत्तर काश्मीरच्या अभिनवगुप्ताने दिले आहे. सीतेवर लुब्ध झालेल्या रावणाचे उदाहरण घेऊन तो म्हणतो की, हा शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास होय, कारण येथे रती एकाच बाजूस आहे. आणि रावणाच्या बोलण्यात आपण तन्मय असतो तोवर तो शृंगारच भासतो, हसू येते ते मागाहून, विचार केल्यावर. त्यापुढचे त्याचे निरीक्षण मला सर्वांत मार्मिक वाटते. सीता आपली उपेक्षा करते, किंबहुना आपला द्वेष करते, ही जाणीव रावणाच्या हृदयाला शिवतच नाही. ती शिवती, तर अभिलाषच विरून गेला असता. प्रेमभंगातील विनोद नेमका या न शिवण्यात असतो. दुःखात हसण्यासारखे काही नाही. हसू येते ते दुःखाने दार ठोठावावे आणि आतल्या मनुष्याने ‘कोण, ती आली का?’ असे विचारीत आरशात डोकावावे, याचे.

मृच्छकटिकातील शकार हा असाच. वसंतसेना जीव मुठीत धरून पळते आहे आणि हा तिच्यामागून धावत, रामाला भ्यालेल्या द्रौपदीसारखी तू का पळतेस, रावणाच्या हाती कुंती लागावी तशी तू माझ्या हाती लागलीस, अशा उपमांची खैरात करतो आहे! पुराणांचा त्याने केलेला घोटाळा ऐकून प्रेक्षक हसतात. पण पळणारी स्त्री आपल्यावर भाळली आहे हा त्याचा समज त्या घोटाळ्याहून मोठा आहे. हालाच्या गाथांत याहून नाजूक मासले मिळतात. एका गाथेत भाताची शेते पिकून पांढुरकी होऊ लागली म्हणून एक स्त्री मान खाली घालून रडते, आणि तिला समजावणारी म्हणते की, रडतेस कशाला, तागाचे शेत कसे नटीसारखे नटून उभे राहिले आहे! भात कापला की संकेतस्थान जाणार, हे तिच्या रडण्याचे कारण. वियोग प्रियकराचा नव्हे, आडोशाचा. केशवकुमारांच्या ‘प्रेमाचा गुलकंद’मध्ये रोज नेमाने गुलाब नेऊन देणारा प्रियकर अखेर उत्तर मागतो, तेव्हा प्रेयसी त्याच फुलांच्या गुलकंदाची बरणी त्याच्यापुढे ठेवते, याला केवळ विडंबन म्हणून बाजूस सारणाऱ्या टीकाकारांशी माझे जमत नाही.

भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भाग केले आहेत. परस्थाची उदाहरणे झाली. आत्मस्थासाठी मला दूर जाण्याचे कारण नाही.

1956 साली जोगळेकरांनी सिद्ध केलेली गाथासप्तशती प्रसिद्ध झाली, त्या सुमारास मी पुण्यास पदव्युत्तर वर्गात होतो, आणि त्याच वर्गात पुढल्या बाकावर बसणाऱ्या एका बुद्धिमान मुलीस उद्देशून मी मंदाक्रांता वृत्तात बारा संस्कृत श्लोक रचले होते. कागदाची घडी ग्रंथालयातील एका पुस्तकात ठेवून ते पुस्तक मी तिला दिले. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आले, मुदत उलटल्याबद्दलचा दोन आण्यांचा दंड मी भरला, आणि खोलीवर येऊन थरथरत्या हातांनी घडी उलगडली. समासात बारीक टोक काढलेल्या पेन्सिलीने, अत्यंत सुवाच्य अक्षरात शेरे होते. तिसऱ्या श्लोकापाशी ‘यतिभंग’. आणि ते खरेच होते, चौथ्या अक्षरापाशी जेथे विसावा घ्यावयाचा तेथे माझा शब्द एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून उभा होता. सातव्यापाशी, ‘हे विशेषण मेघदूतातील’. आणि शेवटी, रेघ ओढून, ‘एकूण प्रयत्न स्तुत्य’.

पुढील तीन महिने मी ‘स्तुत्य’ या शब्दाच्या व्यंग्यार्थाचा शोध घेण्यात घालविले. ज्या वाक्यात निखळ अभिधा होती त्यात मी ध्वनी ऐकत होतो. नुसते ‘प्रयत्न स्तुत्य’ न म्हणता ‘एकूण’ का म्हटले असावे, यावर मी एका रात्री माझ्या खोलीतील सोबत्यापुढे व्याख्यान दिले. तो देवगडचा, कायद्याचा विद्यार्थी. खाणावळीतून आणलेला डबा पुढ्यात ओढीत त्याने शांतपणे विचारले, ‘अरे, तूच त्या दिवशी सांगत होतास ना, की मुख्यार्थाला बाध आल्यावाचून लक्षणा करता येत नाही? मग येथे बाध आलाय कुठे?’ मी म्हटले, ही लक्षणा नव्हे, व्यंजना. ‘तुझ्या व्यंजनेचे मला ठाऊक नाही,’ तो म्हणाला, ‘आमच्याकडे याला अर्ज निकाली काढला असे म्हणतात. जेव आता.’

जाणीव शिवली ती पुढच्या मार्गशीर्षात. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर तिने मला थांबविले, लग्न ठरल्याचे सांगितले, आणि म्हणाली, ‘मंगलाष्टके तुम्हीच करून द्या. शार्दूलविक्रीडित बाराव्यावर थांबते, एवढे सांभाळले की झाले.’ मी करून दिली. इतक्या निर्दोष रचना मी त्यापूर्वी केल्या नव्हत्या आणि पुढेही माझ्या हातून झाल्या नाहीत.

लग्नात भटजींचा दम तिसऱ्या अष्टकात अपुरा पडला आणि बाराव्यावर पोहोचण्याआधी, दहाव्यावरच, एका शब्दाचे दोन तुकडे करून ते थांबले. अंतरपाटाच्या कडेवरून, मुंडावळ्या किंचित बाजूस करीत, तिने गर्दीत मला हुडकले आणि स्मित केले. भरताने उत्तम प्रकृतीच्या स्मिताचे लक्षण सांगितले आहे की, गाल किंचित फुलावेत आणि दात दिसू नयेत. ते दिसले नाहीत. माझे मात्र अपहसित झाले. शास्त्रात त्याची गणना अधम प्रकृतीत होते, आणि त्याची लक्षणे तीन: अस्थानी येणे, डोळ्यांत पाणी, खांदे व मस्तक हलणे. तिन्ही एकदम प्रकट झाल्याने मी उपरण्याने तोंड झाकले.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

‘मुलीचे भाऊ का आपण?’ ते हळूच म्हणाले. ‘धीर धरा.’ आणि माझ्या अक्षता केव्हाच सांडल्या आहेत हे पाहून आपल्या मुठीतल्या निम्म्या त्यांनी माझ्या हातावर घातल्या.