पाताळपाणीच्या घाटातील आगगाडी

धन्यवादित सिस्टर राणी मारिया यांच्या कबरीच्या दर्शनास आमच्या धर्मग्रामातील अकरा कुटुंबे गेल्या पावसाळ्यात निघाली होती. देवास जिल्ह्यातील उदयनगरला रविवारी पोहोचावयाचे होते. शनिवार मोकळा होता आणि मुलांनी आगगाडीचा हट्ट धरला होता. तेव्हा इंदूरहून आम्ही महूला गेलो व घाटातील छोट्या गाडीत जागा धरल्या.

पश्चिमेस धार व पूर्वेस देवास ही पवारांची, मधले इंदूर होळकरांचे; हा सारा मुलूख माळव्याच्या पठारावर वसलेला आहे. महूपुढे ते पठार एकाएकी संपते आणि खाली निमाड लागते. विंध्याची ही कड उतरून नर्मदेपलीकडे खांडव्यास जाणाऱ्या रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के! संस्थानिक सरकारचा सावकार झाला, हे ऐकून आमच्या शेतकरी मंडळींची चांगलीच करमणूक झाली. १८७४ मध्ये खांडवा ते सनावद गाडी सुरू झाली, १८७६ मध्ये नर्मदेवरील पूल खुला झाला. पहिले इंजिन इंदूरला हत्तींनी ओढीत आणले, असे तिकडे सांगतात.

डोंगर चढणाऱ्या गाड्या अनेक प्रकारच्या असतात. पोर्तुगालमधील ब्रागा येथे बॉम जेझूच्या तीर्थस्थानी १८८२ पासून दोराची गाडी आहे. एकाच दोराच्या दोन टोकांस दोन डबे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरावयाचे, म्हणजे तो भाराने खाली येतो व येता येता खालच्यास वर ओढून घेतो. आपल्या वणीच्या सप्तशृंग गडावरही २०१८ पासून दोराने ओढलेला डबा भाविकांना वर नेतो. पाताळपाणीच्या घाटात दोर नाही. चाळीस फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, एवढी तेथील चढण. तीस तोंड देण्यासाठी कलाकुंड स्थानकावर गाडीच्या पाठीशी जादा इंजिन लावीत; पुढचे ओढी, मागचे रेटी. चिखलात रुतलेली बैलगाडी आपण जशी चाकाला खांदा देऊन काढतो, तशातलाच हा प्रकार.

पाताळपाणीला गाडी थांबली. तेथे चोरल नदी सुमारे तीनशे फूट खाली कोसळते. तुषारांनी बायकांची लुगडी भिजली, तरी कोणी मागे सरेना. जवळच तंट्या भिल्लाचे स्मारक आहे. सावकारांना लुटून गरिबांना देणारा म्हणून लोकांनी त्याला मामा मानले. सरकारने १८८९ मध्ये त्याला जबलपुरास फाशी दिले. पुढे चार बोगदे. प्रत्येक बोगद्यात मुले आरोळ्या ठोकीत होती आणि आम्ही जपमाळेचे एक रहस्य म्हणण्याचा यत्न करीत होतो; तो अर्थातच सिद्धीस गेला नाही.

कलाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो. तो खाताना फलाटावर बसलेल्या एका वृद्ध भिल्ल गृहस्थांशी बोलणे झाले. महू-सनावद छोटी लाइन २०२३ च्या आरंभी बंद झाली. रुंद रूळ टाकण्यासाठी घाटाला वळसा घालणारा नवा मार्ग आखला गेला आणि या जुन्या तुकड्यावर पाताळपाणी-कलाकुंड ही सहलीची गाडी तेवढी राहिली. तीही शनिवार-रविवारची. बाबा म्हणाले, "पूर्वी ही गाडी आमची होती. लाकूड, दूध, बाळंतीण, सारे हिच्यातूनच महूला जाई. आता तुम्ही डोंगर बघायला येता. या, बघा. पण आमचे आजारपण काही शनिवार बघून येत नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. आम्हांस मात्र हातातला कलाकंद जड वाटू लागला. जुनी गाडी जपली हे चांगलेच झाले. परंतु जिच्यात गावकरी बसत नाहीत तिला गावची गाडी कसे म्हणावे?

उद्या कोठे जाणार, असे त्यांनी विचारले. आम्ही सिस्टर राणी मारियांची हकीकत सांगितली. उदयनगर भागातील गरिबांना त्यांनी सावकारी पाशातून सोडविण्यास हात दिला, म्हणून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमधून ओढून त्यांचा वध झाला. मारेकऱ्यास पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले गेले. बाबा बराच वेळ गप्प होते. गाडीने शिटी दिली तेव्हा ते उठले व म्हणाले, "मग त्या बाईंना आमच्या गाडीचे सांगा. रोज एक फेरी. सकाळची."

रविवारी उदयनगरच्या मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थनांची वेळ आली. आमच्या सोबतच्या नऊ वर्षांच्या एका मुलीने, कोणी न सुचविता, पुढे जाऊन ती मागणी मोठ्याने सांगितली, आणि तीत दूध व बाळंतीण हेही न विसरता घातले.