हिरव्या अक्षरातल्या चार ओळी

मनगट दुखावल्यापासून टायपिंग जपून करतोय, त्यामुळे अँग्युलर या वेब फ्रेमवर्कच्या सीएलआयवर, म्हणजे टर्मिनलवरून आज्ञा देऊन फायली बनवून घेण्याच्या साधनावर, हल्ली जरा जास्तच विसंबलोय. टर्मिनलवर ‘एनजी जी सी’ आणि पुढे नव्या कंपोनंटचं नाव, एवढंच. एंटर दाबलं की हिरव्या अक्षरात ‘क्रिएट’ अशा चार ओळी उमटतात: टाइपस्क्रिप्ट, एचटीएमएल, सीएसएस आणि टेस्टची स्पेक फाइल. प्रत्येकीपुढे कंसात बाइट्स. सीएसएसपुढे शून्य.

ते शून्य मला आवडतं. एचटीएमएलमध्ये कंपोनंटचं नाव आणि पुढे ‘वर्क्स!’ असं तयारच येतं. अजून कशाचा पत्ता नाही, आणि उद्गारचिन्हासकट बढाई! स्पेक फाइल तर कंपोनंट जन्माला आला का, एवढंच बघते आणि खुशाल पास होते. सीएसएस मात्र कोरी; तिला कसलाच आव आणायचा नसतो.

पूर्वी इम्पोर्ट, डेकोरेटर, क्लास सगळं हाताने लिहायचो. कंटाळवाणं होतं खरं. पण लिहिता लिहिता हा कंपोनंट मुळात हवा कशाला, असा प्रश्न पडायचा. कधीकधी तो नकोच असायचा. आता हात वाचतो, आणि तो प्रश्न पडायला जागाच उरत नाही.

‘ड्राय-रन’ जोडलं तर नुसती यादी दिसते, फाइल बनत नाही. परवा बराच वेळ नावं बदलून तेच बघत बसलो. २०२५ च्या विसाव्या आवृत्तीपासून नव्या फायलींच्या नावातलं ‘कंपोनंट’ही गळलं. सुटसुटीत वाटतं की ओकंबोकं, अजून ठरत नाही.