चव दाखवलीत, खानावळवाली कुठे गेली?

परवा भोईवाड्यातून निघालेल्या एका ‘फूड वॉक’ला गेलो. दहा-बारा माणसं, पुढे गाईड. लालबागची चिवडा गल्ली झाली, मसाल्यांची दुकानं झाली, ठसका लागला, फोटो निघाले. मजा आली, खोटं कशाला बोलू?

पण अख्ख्या फेरीत ‘खानावळ’ हा शब्द एकदाही आला नाही.

मित्रांनो, गिरणगाव जेवलं ते खानावळवाल्या बायकांच्या जिवावर. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार चाळीतल्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. एका खोलीत ती तिचं घर सांभाळून पंधरा-वीस जणांचं रांधायची. किराणा उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजाने. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पगार थांबले, तरी कित्येकींनी उधारीवर ताटं वाढली.

पुढे गिरणी कामगारांसाठी घरांची योजना आली. त्यात कामगार बसतो, वारस बसतो. जेवू घालणारी बसत नाही.

चाळींतून डबे देणाऱ्या बायका आजही आहेत. टूरवाल्यांनो, एक थांबा वाढवा. तिच्या हातचं ताट, आणि पैसे तिच्याच हातात. एवढं जमेल ना?