उजेडाची तिरीप

आंबेगाव तालुक्यातल्या एका वाडीवरची गोष्ट. दुसऱ्या वेताची संकरित गाय, पुढच्या खुरात जखम. खुराचं काम करायचं तर जनावर खोड्यात घ्यावं लागतं आणि ही खोड्याच्या तोंडाशी येऊन थबकायची. मालकाच्या हातात कासरा, मागून त्यांचा मुलगा शेपटी पिरगळतोय, गाय मान खाली घालून फुसफुसतेय. पाऊल मात्र उचलत नाही. “आडमुठी आहे, डॉक्टर. हिचं नेहमीचंच आहे हे.”

मी मुलाला थांबवलं आणि गाईच्या तोंडाच्या उंचीवर उकिडवा बसलो. वरच्या पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप खोड्याच्या तोंडाशी आडवी पडली होती. काळपट कोब्यावर पांढरीफटक रेघ. फटीवर गोणपाट टाकलं. गाईने दोनदा जमीन हुंगली आणि आपल्या पायांनी आत गेली.

गुरांचा डॉक्टर म्हणून माझी पहिली काही वर्षं अशा जनावरांना मागून ढकलण्यात गेली. त्याची मला आजही खंत आहे. ज्याला आपण हट्ट म्हणतो, ते बहुतेक वेळा जनावराचं पाहणं असतं.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता तिला सुमारे ३३० अंशांचा परिसर दिसतो. आपल्याला साधारण १८०. शेपटीमागची चिंचोळी जागा सोडली तर सगळा गोठा तिच्या नजरेत असतो. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधत, ती याच नजरेसाठी. पण एवढं रुंद पाहण्याची किंमत मोजावी लागते. दोन्ही डोळ्यांची नजर एकत्र येते तो समोरचा पट्टा अरुंद, आणि खोलीचा नीट अंदाज येतो तो मुख्यतः तिथेच. पायापुढची काळी-पांढरी रेघ म्हणजे सावली, पायरी की खड्डा, हे ठरवायला तिला थांबून मान खाली घालावी लागते. नेमक्या त्याच क्षणी आपण मागून शेपटी पिरगळतो! अमेरिकेत गुरं रस्त्याने बाहेर पडू नयेत म्हणून खड्ड्यावर लोखंडी गज टाकतात. काही ठिकाणी तर गजांऐवजी डांबरावर नुसते पट्टे रंगवतात, आणि गुरं त्या पट्ट्यांपाशीही अडतात.

तिथल्याच पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी हे मनावर घेतलं. त्या स्वतः स्वमग्न आहेत आणि आपण शब्दांत नव्हे, चित्रांत विचार करतो असं सांगतात. १९७०च्या दशकात त्या गुरं न्यायच्या अरुंद बोळांतून स्वतः चालल्या, वाकून, गुरांच्या नजरेच्या उंचीवरून. गुरं कशाला अडतात? लोंबत्या साखळीला, कुंपणावर टाकलेल्या कोटाला, डबक्यातल्या चकाकीला. रोज तिथे काम करणाऱ्या माणसांना त्या वस्तू दिसतच नव्हत्या. हे वाचल्यापासून मी कोणत्याही गोठ्यात गेलो की आधी खाली बसतो.

शेळी-मेंढीच्या डोळ्यातली आडवी बाहुली आपण लहानपणापासून पाहतो, पण ती आडवी का, हे विचारत नाही. आडव्या फटीतून क्षितिजाच्या रेषेत जास्त उजेड येतो, वरून सूर्याचा झगझगाट कमी येतो. लांडगा येणार तो जमिनीवरूनच. पण मेंढी चरायला मान खाली घालते तेव्हा बाहुली उभी व्हायला नको का? कॅलिफोर्नियातल्या मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिलं की मान झुकली की डोळे आपापल्या खोबणीत ५० अंशांहूनही जास्त फिरतात आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. हे वाचलं आणि मी दुसऱ्या दिवशी धनगरांच्या वाड्यावर जाऊन मेंढरांपुढे बसलो. खरंच तसं होतं. इतकी वर्षं त्या डोळ्यांत औषध घालत होतो, आणि हे पाहिलं नव्हतं.

रंगांचं थोडक्यात सांगतो. आपल्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, गाई-बैलांच्या दोन. निळा आणि पिवळा त्यांना वेगळा कळतो; लाल-हिरव्यातला फरक फारसा नाही. पोळ्याला आपण शिंगं लाल रंगवतो, तांबडे गोंडे बांधतो, ते आपल्या डोळ्यांच्या हौसेसाठी. लाल कापड पाहून बैल उधळतो हेही खरं नाही. तो उधळतो फडफडणाऱ्या कापडाला. जंगलात लाल-हिरव्याच्या याच गोंधळाचा फायदा वाघाला होतो. आपल्याला गवतात उठून दिसणारा त्याचा नारिंगी रंग हरणाच्या डोळ्याला हिरव्यात मिसळलेला दिसतो.

रात्री बॅटरीच्या झोतात उसाच्या कडेला बिबट्याचे डोळे पेटतात, तसेच गोठ्यातल्या गाईचेही. दोघांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. पेशींच्या हातून निसटलेला उजेड तो परत पाठवतो आणि त्यांना दुसरी संधी मिळते. आपल्या डोळ्यांत तो नाही. रात्री तर आपल्याला रंगही दिसत नाहीत.

मला सगळ्यांत जास्त हलवून टाकणारी गोष्ट मात्र गुरांची नाही, भुंग्याची आहे. आणि ती आमच्याच भीमाशंकरच्या जंगलात उलगडली. लाकूड पोखरून घर करणाऱ्या भुंग्यांची एक जात तिथे अमावास्येच्या रात्रीही उडते. मधमाशीच्या घराण्यातला डोळा हा दिवसाचा डोळा; त्यातलं प्रत्येक भिंग आपापल्यापुरताच उजेड गोळा करतं. या भुंग्याची भिंगं मोठी आहेत, डोक्यावरचे तीन साधे डोळेही मोठे, पण रचना तीच. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी २००८ साली सिद्ध केलं की नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात हा भुंगा घराजवळची खूण तिच्या रंगावरून ओळखतो.

ते वाचलं त्या वर्षी फेब्रुवारीत मी गावातल्या एका कातकरी मित्राबरोबर वारसाच्या झाडाखाली रात्री थांबलो. वारसाची पांढरी फुलं रात्री उमलतात आणि भुंगे त्यांच्यावर येतात. चंद्र नव्हता. मित्र म्हणाला, “बॅटरी बंद करा, डॉक्टर.” केली. माझा हात मला दिसेना. मी खोड धरून उभा राहिलो. कानाजवळून जड गुंजारव गेला, वर चढला, कुठेही न धडकता फांद्यांमधून वळला आणि एका जागी थांबला. तिथे फूल असणार.