हरण्याच्या पाठीवरची पिशवी



परवा पाठीवर पिशवी घातलेल्या हरण्याचा फोटो टाकला, तर तीन-चार जणांनी एकच विचारलं, पिशवी कुठून घेतली? एकानं मात्र वेगळं विचारलं, 'दादा, मुक्या जनावरावर ओझं कशाला?' पहिल्याचं उत्तर एका ओळीत होतं. दुसऱ्याचं होत नाही, म्हणून आजची नोंद जरा लांबलीय.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून खांद्याला पिशवी लावून माळावरच्या तुकड्यापर्यंत चढणं मला जमत नाही. गाडी अर्ध्यापर्यंत जाते, पुढं पाऊलवाट. लागतं काय, तर पाणी, खुरपं, हरभऱ्यातल्या कामगंध सापळ्यांचे ल्युर, वही आणि उन्हाळ्यात मातीचे नमुने. हरण्या तसाही रोज सोबत असतोच. कारवानी आहे, सहा वर्षांचा, अंगानं सडपातळ.

बैलाच्या खांद्याची काळजी ज्या घरात घेतली जाते, त्या घरात ओझ्याचा हिशोब वेगळा असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला आई हळद-तूप चोळायची ते नुसतं कौतुक म्हणून नाही. चोळता चोळता बोटांनी गाठ लागते का, कातडी कुठं गरम लागते का, ते बघायची. खांदेसूज नुसत्या वजनानं येत नाही. जू एका अंगाला कललेलं असलं, जोडीतला एक बैल उंच आणि एक ठेंगणा असला, लाकडाला खरबडीत गाठ राहिली, की येते. कुत्र्याच्या पिशवीचंही असंच आहे. किलो किती हे नंतर बघायचं, आधी पिशवी कुठं बसते आणि कुठं घासते ते बघायचं.

बैलाचं ओझं खांद्यावर असतं, कुत्र्याचंही तिथंच पाहिजे. कुत्र्याच्या अंगाचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. म्हणून पिशव्यांचं वजन फऱ्यांच्या लगेच मागं, बरगड्यांवर यायला हवं. कंबरेखाली बरगड्या नसतात, तिथं ओझं आलं की कणा झिजतो. पुढं पाय टाकताना फरा मोकळा हलला पाहिजे, आणि दोन पिशव्यांच्या मधला पट्टा मणक्याच्या टोकांवर दाबून बसायला नको. त्या पट्ट्याखाली दोन्ही अंगांना जाड गादी आणि मधे पन्हळ ठेवली की मणका मोकळा राहतो. घोड्याच्या खोगिराचीही तीच युक्ती.

तयार पिशव्या मिळतात, पण बऱ्याचशा ढोलासारख्या अंगाच्या कुत्र्यांच्या मापाच्या. कारवान्याची छाती खोल, कोपरापर्यंत उतरलेली, आणि पोट एकदम आत गेलेलं. मागवलेली पहिली पिशवी अंगणात चार फेऱ्या मारेपर्यंत सरकत कंबरेवर गेली. परत पाठवली. मग बाजारातल्या पिशव्या शिवणाऱ्याकडून शिवून घेतली. माप एकच महत्त्वाचं, कोपराच्या मागं छातीचा घेर. पोटपट्टा तिथंच, बरगड्यांवर येतो, मऊ पोटावर नाही. शिवाय छातीसमोरून एक आडवा पट्टा लागतो, म्हणजे चढावर पिशवी मागं जात नाही. पण तो गळ्यावर चढला तर श्वास अडतो, म्हणून छातीच्या हाडावर बसेल इतका खाली. सगळ्या पट्ट्यांखाली दोन बोटं सहज जायला हवीत. तीन गेली तर ढिली.

कोपराच्या आतल्या बाजूला कातडी सगळ्यात पातळ. गावात एकानं पोराचं दप्तर सुतळीनं बांधून कुत्र्याला माळावर नेलं होतं. दोन दिवसांत काखेत ताज्या जखमा. आमच्या पिशवीला तिथं जुन्या गोधडीची पट्टी लावली आहे.

आता वजन. धान्याच्या काट्यावर मी हरण्याला घेऊन उभा राहिलो, मग एकटा. फरक २४ किलो. जाणकार सांगतात, सुरुवात अंगाच्या दहा टक्क्यांच्या आत करावी, आणि सरावलेल्या निरोगी कुत्र्यालाही पंचवीसच्या पुढं नेऊ नये. मी दहाच्या वर जात नाही. म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम, त्यात पिशवी स्वतः साडेसहाशे. मातीचे अर्धा-अर्धा किलोचे दोन नमुने आणि थोडं किरकोळ, एवढंच उरतं. दोन्ही बाजूंना समान वजन. पाणी ठेवलं तर दोन छोट्या बाटल्या, आणि पिताना दोन्हींतलं सारखं प्यायचं. खुरपं आता मी हातातच धरतो. औषधाची बाटली, पुडी, काहीही, पिशवीत ठेवायची नाही. झाकण गळलं तर तो अंग चाटणारच.

जनावरांवरील ओझ्याचे केंद्राचे नियम १९६५ चे आहेत. त्यात गाढवाला ५० किलो, तट्टूला ७०, खेचराला २०० अशी मर्यादा आहे. कुत्रा त्या यादीत नाही, पण त्याच नियमांतली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच उष्णता बाहेर जाते, आणि वरून पाठ पिशवीनं झाकलेली. आपल्या लातूर भागात एप्रिल-मेमध्ये नमुने काढायचे म्हणजे पहाटे. साडेआठला पिशवी काढून मोटारसायकलच्या हँडलला. जमिनीवर हाताची पाठ पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पंजेही पोळतात, पिशवी असो-नसो.

सवय लावायला तीन आठवडे गेले. आधी रिकामी पिशवी अंगणात, मग नुसते कागदाचे बोळे, कारण फुगलेल्या पिशवीनं आपली रुंदी वाढली हे त्याला दारात अडकल्यावर कळतं. वजन सगळ्यात शेवटी. वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्यावर वजन टाकूच नका, हाडं वाढत असतात.

दोन गोष्टींची मला खरी भीती आहे. एक म्हणजे ससा. कारवान्याला पळणारं काही दिसलं की तो थांबत नाही, आणि पिशवी बाभळीत अडकली तर? म्हणून पिशवी अंगावर असेल तोवर दोरी माझ्या हातात. दुसरं शेततळं. प्लास्टिकच्या उतारावरून माणसाला वर येता येत नाही, तिथं ओल्या पिशवीसकट कुत्रा कसा येणार? तळ्याच्या बांधावर जाण्याआधी पिशवी उतरवतो. बकल एका हातानं उघडणारं आहे, गाठ कुठंच मारलेली नाही.

घरी आल्यावर पट्ट्यांच्या जागा उलट्या हातानं चाचपायच्या. मोडलेले केस, गरम जागा, गोचीड आणि आपल्याकडे विशेष म्हणजे कुसळं. कुसळ पट्ट्याखाली गेलं की चालताना आतच शिरत जातं. केस मोडलेले दिसले की आठ दिवस पिशवी बंद.

आईनं पहिल्या दिवशी पिशवी बघून काही न बोलता हरण्याच्या पाठीवरून हात फिरवला, पट्ट्यात बोटं घालून पाहिली आणि म्हणाली, 'डावीकडं जड हाय.' काट्यावर ठेवून बघितलं. ऐंशी ग्रॅमचा फरक निघाला.