जळगाव, १९०७

१९०७ साली जळगावात महाराष्ट्रातले कवी जमले होते. पहिलं कविसंमेलन. त्यात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा उठला, त्याने कविता म्हटली आणि सगळे थक्क झाले. अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं आणि तेच नाव कायमचं राहिलं. त्र्यंबक बापूजी ठोमरे. एवढं शाळेच्या पुस्तकात असतं, आपण सगळ्यांनी परीक्षेपुरतं पाठ केलेलं आहे. पण त्याच गावात, त्याच वर्षी, एका शेतकऱ्याच्या घरी सत्ताविशीच्या घरातली एक बाई शेतात राबताना, जात्यावर दळताना स्वतःच्या ओव्या रचत होती. आणि त्याच वर्षी तिच्या पोटी सोपान जन्मला! ती बहिणाबाई चौधरी. तिचा हा मुलगा पुढे स्वतः कवी झाला आणि आईच्या कविता त्यानेच जगापुढे आणल्या.

एकच गाव, एकच वर्ष! हे कुठल्याही एका पुस्तकात मला सापडलं नाही. तीन वेगवेगळी पुस्तकं शेजारी शेजारी उघडी होती, एक आत्मचरित्र, एक कवितांचं, एक इतिहासाचं, आणि मी या पुस्तकातली तारीख त्या पुस्तकातल्या तारखेशी लावून बघत होते. तेव्हा ते समोर आलं. त्या क्षणी मी खरोखर खुर्चीतून उठून उभी राहिले.

मी कादंबऱ्यांवर वाढलेली. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ ग्रंथालयातून आणलं तेही गोष्ट म्हणूनच. सुरुवातीलाच सत्तावन साल! लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना बंडाच्या प्रकरणात फाशी झाली आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. इतकं, की घरात मीठ धुवायचं, साखर धुवायची. मीठ धुतल्यावर उरणार काय? १८५७ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मीरत, कानपूर, झाशी. आणि इथे नाशिकजवळच्या जलालपुरात, बंडानंतर अकरा वर्षांनी जन्मलेल्या एका मुलीच्या ताटातल्या चिमूटभर मिठापर्यंत ते बंड पोचलेलं! मी ‘स्मृतिचित्रे’त खूण घालून ठेवली आणि नाशिक भागातलं सत्तावन शोधायला गेले. तिथे भागोजी नाईक भेटला, त्याच्या भिल्लांचा उठाव भेटला. आत्मचरित्र वाचता वाचता इतिहासात पाऊल पडलं होतं आणि मागे फिरावंसं वाटत नव्हतं.

पण फिरले, कारण लक्ष्मीबाई सोडत नाहीत. नवरा कवी, लहरी, कधी कुठे निघून जाईल नेम नाही. १८९५ साली ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी आधी केवढा आकांत केला, मग नवऱ्याकडे राहायला गेल्या, तिथेही आपलं सोवळं सांभाळलं, आणि ते एकेक करून गळत गळत पाच वर्षांनी स्वतःच्या विचाराने त्याही ख्रिस्ती झाल्या. हे सगळं त्या ज्या हसऱ्या, स्वच्छ मराठीत सांगतात तिला तोड नाही. मी जबाबदारीने लिहिते आहे : मराठी गद्यात याच्याइतकं जिवंत असं मी दुसरं काही वाचलेलं नाही. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलं तेही याच बाईंनी पुरं केलं. लग्नाच्या वेळी ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी!

आणि मग टिळकांच्या नगरच्या घरात ठोमरे येतो. हो, तोच. जळगावच्या संमेलनातला मुलगा टिळकांना आवडला, त्यांनी त्याला आपल्याकडे नेला, आणि लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तो घरातल्या मुलासारखा वावरायला लागतो. हळवा, रुसणारा, पोरकट, प्रेमाला भुकेला. ‘औदुंबर’ची आठ ओळींची कविता मी शाळेत शिकले होते. आता ती पुन्हा काढली. त्या आठ ओळींत एक शब्द मोठ्याने उच्चारलेला नाही. पाणी, वाट, झाड, सगळं नुसतं पाहत पाहत ती शेवटी त्या झाडाच्या एकटेपणापाशी येऊन थांबते. लक्ष्मीबाईंच्या घरातलं ते रुसलेलं पोर डोळ्यांपुढे असल्यामुळे ती मला आत्ता कुठे ऐकू आली. मग ‘पारवा’ वाचली, ‘खेड्यातील रात्र’ वाचली. ‘फुलराणी’चा कवी इतका काळोख ओळखून होता! बालकवी म्हणजे फुलं, पाखरं आणि श्रावण, असं मानून त्याला आपण लहान मुलांच्या कपाटात ठेवून दिलंय, याचा मला आता राग येतो.

त्याला ते नाव देणाऱ्या अध्यक्षांचं काय? डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. एवढंच लिहून सगळे पुढे जातात. मी गेले नाही, आणि काय माणूस निघाला! लष्करी सेवेतला डॉक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि वर मराठी कवी. १९०९ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचेही ते अध्यक्ष होते. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा कीर्तिकर आणि बसूंचा प्रचंड ग्रंथ अजून अभ्यासक उघडतात, तो १९१८ साली छापून आला. कीर्तिकर आदल्याच वर्षी वारले होते. झाडांची नावं आणि गुणधर्म नोंदवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने आपल्या भाषेतल्या सगळ्यात मोठ्या निसर्गकवीला ओळखलं आणि नाव दिलं. मी हे शेजारणीला सांगितलं, भाजीवाल्या दादांना सांगितलं, भेटेल त्याला सांगत सुटले.

आता प्रश्न जळगावचा. कवी जळगावातच का जमले? मी खानदेशचा इतिहास उघडला. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, पश्चिमेचं ठाणं धुळे आणि पूर्वेचं जळगाव. म्हणजे संमेलन भरलं तेव्हा जिल्ह्याचं ठाणं म्हणून जळगाव अगदी नवंकोरं होतं. आणि ते मोठं झालं कशामुळे? कापसामुळे! अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, १८६०च्या दशकात इकडच्या कापसाला भाव चढला, त्याच सुमारास रेल्वेही आली आणि जळगाव कापसाची मोठी पेठ बनलं. खानदेशचं इंग्रजी गॅझेटियर या कापसाच्या माहितीने भरलेलं आहे. पिकं, जमिनी, बाजार, सारा, गावोगावच्या नोंदी. त्याचं छपाईचं साल बघितलं आणि पुन्हा उठून उभी राहिले : १८८०. बहिणाबाईंचं जन्मसाल!

सरकारने ज्या वर्षी खानदेशातल्या शेतीची जाडजूड नोंद छापली त्याच वर्षी जळगावजवळच्या असोद्याला ही मुलगी जन्मली. पुढे तिने त्याच शेतीची दुसरी नोंद केली, तोंडी. पेरणी, कापणी, मळणी, मोट, कपाशीचं बोंड, सगळं तिच्या लेवा बोलीत. गॅझेटियरमध्ये किती एकरांत काय पिकतं ते कळतं. ते पिकवताना बाईच्या मनात काय चालतं ते बहिणाबाईंकडे कळतं. दोन्ही पाठोपाठ वाचून बघा. मला तर आकडेसुद्धा आवडायला लागले, कारण प्रत्येक आकड्यामागे आता कोणीतरी वाकून निंदणी करताना दिसतं.

तिचं आयुष्य किती कठीण! तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, प्लेगमुळे एका मुलाला कायमचं अपंगत्व. अक्षरओळख नाही. सोपानदेव आणि एका आप्ताने जे ऐकलं ते टिपून ठेवलं म्हणून उरलं. १९५१ साली ती गेली. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. हेच अत्रे ‘झेंडूची फुले’ लिहून कवींची टर उडवणारे! तो माणूस या कविता ऐकून भारावून गेला, याचं मला फार मोल वाटतं.

हे सगळं डोक्यात घोळत असताना बालकवींच्या चरित्रात शेवटचं प्रकरण आलं. ५ मे १९१८, भादली स्टेशन, रेल्वेखाली मृत्यू. वय सत्तावीस. मी जळगावच्या मावशीला फोन लावला.

“मावशी, भादली कुठे गं?”

“अगं, आपल्याच तालुक्यात. भुसावळकडे निघालं की जळगावनंतर लगेच. का गं?”

“आणि असोदं?”

“तेही आपल्याच तालुक्यात. असं काय विचारतेस, गाडी पकड आणि ये की!”

एका तालुक्याच्या मातीत एक जन्मली आणि दुसऱ्याने प्राण सोडला. बहिणाबाई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी आणि त्याच्यानंतर तेहतीस वर्षं जगली. मी आता त्यांच्या कविता एका पानाआड एक अशा वाचते. एकाच आभाळाखालचा पाऊस, पण त्याला तो रंगांत दिसतो आणि तिला मातीच्या वासात.

आणि खानदेशात आणखी कोण होतं सांगू? केशवसुत! १९०१ ते १९०४ या काळात ते फैजपूरच्या शाळेत हेडमास्तर होते. आधुनिक मराठी कवितेचा हा प्रवर्तक तापीच्या त्या तीरावर मुलांना शिकवत होता, तेव्हा बहिणाबाई जळगावात शेत सांभाळत होती आणि बालकवी दहा-बारा वर्षांचं पोर होतं. १९०५ साली केशवसुत हुबळीला वारले, प्लेगने. परत प्लेग! सावित्रीबाई फुले १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. हा एक रोग मराठी कवितेच्या घरात किती वेळा शिरला, ते चरित्रं वाचल्याशिवाय कळत नाही.

सावित्रीबाईंच्या नावाने आणखी एक दार उघडलं. टिळक ज्याच्या मराठी विभागाचं संपादन करत तो ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरला सुरू झालेला. त्याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. मी तो उभ्या उभ्या वाचला. काय धार! शाळकरी मुलगी थेट ब्राह्मणांना आणि पेशवाईला जाब विचारते आहे. लक्ष्मीबाईंच्या घरातून निघाले आणि वर्तमानपत्राचं बोट धरून मुक्ताबाईपाशी पोचले. आता तिथून फुल्यांचं चरित्र ओघानेच आलं, ते पिशवीत आहे.

तुम्हाला यात उडी मारायची असेल तर ‘स्मृतिचित्रे’पासूनच मारा. ठोमरे आला की थांबा आणि त्याच्या कविता काढा. बहिणाबाई मोठ्याने वाचा, लेवा बोली डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळते. शेजारी नकाशा हवाच : फैजपूर, भुसावळ, भादली, असोदं, जळगाव आणि सुरतेच्या रुळावर बालकवींचं जन्मगाव धरणगाव. धरणगावच्या पुढे त्याच रुळावर अमळनेर आहे, १९२४ ते १९३० साने गुरुजी तिथे शिक्षक होते, छात्रालयातल्या पोरांची अंथरुणं-पांघरुणं आवरत होते. त्यांचं चरित्र ग्रंथालयात आहे, काल फोन करून विचारलंय. सातला बंद होतं, निघते.